आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

आपल्या महाविद्यालयाच्या अंकात दरवर्षी प्रवासवर्णन असते, हुंड्यावर एखादा तळमळीचा लेख असतो, आणि कंधारचा किल्ला किंवा जगत्तुंग तलाव यांच्यावर तर असतोच असतो. मोटारीच्या इंजिनावर लेख मात्र माझ्या पाहण्यात नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने डिझेलचा वास येणारा विषय का घ्यावा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. आमच्या घरातील पाच माणसांची चूल ज्याच्यावर पेटते ते एक तेराशे सीसीचे म्हातारे इंजिन आहे, आणि त्या इंजिनाच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. त्या चुकीतून माझे जे मत बनले ते मी येथे मांडणार आहे.

मत असे की, थकलेल्या इंजिनाची ताकद वाढवण्याआधी त्याची गेलेली ताकद परत आणली पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगायला लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटले असते. पण उघड गोष्टच माणूस विसरतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

वडिलांनी सहा वर्षांपूर्वी टॅक्सी पासिंगची एक जुनी टर्बो डिझेल मोटार घेतली. कंधारहून लोह्यामार्गे नांदेड हा आमचा नेहमीचा रस्ता. लग्नाचे भाडे, दवाखान्याचे भाडे, पंढरपूरचे एखादे लांबचे भाडे, असे मिळेल ते घ्यायचे. गेल्या वर्षी गाडीच्या काट्यावर तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले होते. पूर्वी जो चढ गाडी हसत चढत असे, तेथे आता तिसरा गिअर टाकावा लागे. सायलेन्सरमधून काळा धूर येई. लिटरला चौदा किलोमीटरच्या वर सरासरी मिळेना. शेवटी भाडेकरूच म्हणू लागले, "तुमच्या गाडीत आता दम राहिला नाही."

मी तेव्हा प्रथम वर्षाला होतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला जरुरीपेक्षा जास्त वजन आले होते. मी मोबाइलवर चित्रफिती पाहिल्या होत्या. एक लहानसे खोके इंजिनाच्या वायरीला जोडायचे की गाडीची ताकद वाढते, असे त्यांत छातीठोकपणे सांगत. वडील म्हणाले, "एकदा चाचांना दाखवून घेऊ." चाचा म्हणजे आमचे नेहमीचे मिस्त्री, चौथी शिकलेले, पण चाळीस वर्षे इंजिने उघडलेले. मी म्हणालो, "बाबा, चाचांना कॉम्प्युटरचं काय कळतं?" हे वाक्य मला आजही टोचते. आम्ही एका मोठ्या शहरातील वर्कशॉपमध्ये गेलो आणि अकरा हजार रुपये देऊन ते खोके बसवून आलो.

पहिले दोन महिने मी गावभर मिरवलो. गाडी खरोखरच पळू लागली होती. तिसऱ्या महिन्यात एका रात्री शेजारच्या गल्लीतील बाळंतपणाची बाई नांदेडला न्यायची होती. मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो. लोह्याच्या पुढे एका चढावर पुढून शिट्टीसारखा आवाज आला, मागे पांढरानिळा धूर दाटला आणि इंजिन आपोआप गरजू लागले. वडिलांनी पाय काढला तरी ते थांबेना. किल्ली बंद केली तरी थांबेना. वडिलांनी पाचवा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच एकदम सोडला. गाडीला हिसका बसला आणि इंजिन मेले. बाईची सासू मोठ्याने देवाचे नाव घेत होती. पाठीमागून एक जीप येत होती, तिने त्यांना पुढे नेले, आणि बाई व बाळ सुखरूप राहिले. पण त्या रस्त्याच्या कडेला धुरात उभे राहून मी जे भोगले, ते कोणत्याही परीक्षेत भोगलेले नाही.

असे का झाले, हे समजण्यासाठी टर्बो म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. आपल्या घरी चुलीला फुंकणी असते. लाकडे तीच, पण फुंकर घातली की जाळ वाढतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. लहान मोटारीच्या टर्बोचे चक्र मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते तेल पोहोचले नाही, की दांडा जळालाच म्हणून समजा.

सुपरचार्जर हीसुद्धा फुंकणीच. फरक एवढाच की तो धुरावर न चालता इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. दोन्हींचा धर्म एक: जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. हा क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही बसवलेले खोके काय करीत होते? इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतील दाब मोजणारा एक सेन्सर असतो. खोके त्याचा निरोप मध्येच बदलून इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटेच सांगत होते, की दाब कमी आहे. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवी आणि डिझेल जास्त जाई. हवा मात्र होती तेवढीच. फुंकणी फाटलेली असताना चुलीत लाकडे कोंबत जावे, तसला तो प्रकार होता. धूर वाढला, उष्णता वाढली, आणि आधीच तहानलेला टर्बो जळाला. त्याची तेल रोखणारी जागा फुटली, इंजिनाचे स्वतःचे तेल हवेच्या वाटेने आत शिरले आणि इंजिन ते तेलच जाळू लागले. किल्ली डिझेल बंद करते, तेल बंद करीत नाही. म्हणून ते थांबत नव्हते.

चाचांनी इंजिन खोलले तेव्हा मी शेजारी बत्ती धरून बसलो होतो. त्यांनी मला एक शब्द रागाने बोलून दाखवला नाही. फक्त एकेक वस्तू हातात देत गेले. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने, क्लिपेपाशी, दोन बोटे फाटलेला होता. हवा आत जाण्याच्या वाटेत काजळी इतकी साचली होती की करंगळी जाईना. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी जळक्या तेलाने निम्मी बुजली होती. आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. गाडी कितीतरी महिने स्वतःचाच ब्रेक ओढत चालली होती. चाचा म्हणाले, "बेटा, हवा कुठं पळूलाली ते आधी बघायचं. गाडी म्हातारी झाली नव्हती रे, गळूलाली होती."

त्या चारही गोष्टींची दुरुस्ती सहासात हजारांत झाली असती. खोक्याच्या अकरा हजारांतून चार हजार उरले असते. त्याऐवजी टर्बो, रिंगा, माथा वितळू लागलेला एक पिस्टन आणि बाकीचे काम मिळून चौऱ्याहत्तर हजार रुपये लागले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. सोयाबीनचा आणि लग्नाचा हंगाम गाडीविना गेला. द्वितीय वर्षाचा माझा प्रवेश शेवटच्या तारखेला झाला, तोही चाचांनी आपली मजुरी मागे ठेवली म्हणून. मी सुटीचे दोन महिने त्यांच्या गॅरेजवर राबलो आणि ती मजुरी फेडली. त्या दोन महिन्यांत जे शिकलो, ते आता सांगतो. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी जुनी गाडी, जुना ट्रॅक्टर किंवा जुने इंजिन असेल.

पहिली गोष्ट म्हणजे धूर पाहावा. आमच्या विहिरीवर वीज येण्यापूर्वी ऑइल इंजिन होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनाची कंपनी उभी राहिली आणि पुढे तसली इंजिने महाराष्ट्राच्या विहिरीविहिरीवर धडधडू लागली. आजोबांना अक्षर येत नव्हते, पण धूर वाचता येत होता. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन तेल खाते. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते किंवा आत पाणी शिरले आहे. आमच्या गाडीचा काळा धूर वर्षभर ओरडून सांगत होता की हवा कमी पडते. आजोबा असते तर त्यांनी अंगणातूनच ते ओळखले असते.

दुसरी गोष्ट, हवेची वाट तपासावी. आपल्याकडे काळी माती, उन्हाळ्यात धुळीचे लोट, आणि मळणीच्या दिवसांत भुसकट. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. त्यानंतर पाइप. साबणाचे पाणी लावून आतून हवेचा दाब दिला की फुगे कोठे येतात ते दिसते. पाइपाबाहेर तेलकट ओल असली तरी संशय घ्यावा. त्यानंतर काजळी. धूर कमी विषारी व्हावा म्हणून त्यातील काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह अशा इंजिनांना असतो. तो आणि पुढची वाट काजळीने भरते, ती काढून धुवावी लागते.

तिसरी गोष्ट, इंजिनाचा मूळ दम मोजावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबूनच इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावे. आमच्यासारख्या इंजिनात ती सतरा-अठरा पट दाबली जाते. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसेना, की हा दाब निसटतो. चारही सिलिंडरांचा दाब गेजवर मोजता येतो. चारांत एखादाच फार मागे असेल तर त्याचा पत्ता लागतो. त्याचप्रमाणे चारही इंजेक्टरांतून परत येणारे डिझेल चार बाटल्यांत धरतात. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला. ही तपासणी पाहताना मला वाटले की आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला हीच बाटल्यांची ओळ मांडावी. कारण आणि कार्य यांचा संबंध इतका स्वच्छ मी पुस्तकात पाहिला नाही.

चौथी गोष्ट तेलाची. ठरलेल्या जातीचेच तेल, आणि वेळेवर. लांबून जोरात आल्यावर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जागच्या जागी जळून कोळसा होत नाही. याला एक पैसाही लागत नाही. तरीही आम्ही सहा वर्षांत हे कधी केले नव्हते.

एवढे झाल्यावर आमची गाडी तोच चढ चौथ्या गिअरवर चढते आणि लिटरला एकोणीस किलोमीटर देते. खोके अडगळीत पडले आहे. ताकद आम्ही वाढवलेली नाही. जी होती ती परत मिळाली. तेव्हा समजले की आम्हांला मुळात तेवढीच हवी होती.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला बनलेली मिनी कूपर एस ही लहान मोटार २००२ ते २००६ च्या काळात सुपरचार्जरसह मिळत असे. सोळाशे सीसीचे इंजिन, आणि त्यावर पट्ट्याने फिरणारी फुंकणी. त्या गाड्या आता जुन्या झाल्या. हौशी मालक सुपरचार्जरची पुली काढून पंधरा टक्के लहान पुली बसवतात, म्हणजे फुंकणी जास्त वेगाने फिरते आणि ताकद वाढते. पण त्या सुपरचार्जरच्या दातेरी चक्रांसाठी आत थोडे वेगळे तेल असते, ते बदलण्याची वेळ कारखान्याने नेमून दिली नव्हती. लाखांवर धाव झालेल्या गाड्यांत ते काळे पडून आटलेले निघते. इंजिनाचा पाण्याचा पंपही त्याच सुपरचार्जरवरून फिरतो. म्हणजे आतले तेल न पाहता वरची पुली बदलली, तर फुंकणीही जाण्याची आणि तिच्याबरोबर पाणीही थांबण्याची भीती. तेथील जाणते मिस्त्रीही आधी तेल, मग पुली, असेच सांगतात. आमचे चाचा आणि ते लोक एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण त्यांचे एकमत आहे.

आता माझ्या मताला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, एवढे जुने धूड जपावे कशाला, भंगारात घालून नवी घ्यावी. सरकारचेही धोरण जुन्या गाड्या कमी करण्याचे आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. चौकट गंजलेली, ब्लॉक फुटलेला असेल तर गाडी सोडूनच द्यावी, तेथे माझा हट्ट नाही. परंतु ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला नव्या गाडीचा हप्ता पेलत नाही. शिवाय आमच्या गाडीतले इंजिन आता नवे मिळत नाही. १२४८ सीसीचे हे डिझेल इंजिन इटलीच्या फियाटने जनरल मोटर्सच्या साथीने तयार करून २००३ मध्ये आणले. आपल्याकडे २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले, आणि पुढे पुणे जिल्ह्यातील रांजणगावलाही तयार होऊन टाटांच्या इंडिका व्हिस्टात बसले. इतक्या गाड्यांत ते गेले की लोक त्याला कौतुकाने राष्ट्रीय इंजिन म्हणत. टाटांनी इंडिका २०१८ मध्ये थांबवली, मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारीच बंद केल्या. तेव्हा जे आहे ते नीट ठेवणे हाच आमच्यासारख्यांचा मार्ग. नीट ठेवलेले जुने इंजिन काळा धूर ओकत नाही. वर खोके चढवलेले गळके इंजिन ओकते.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या मित्रांचा: मग ताकद वाढवूच नये काय? वाढवावी, पण पायरीने. आधी टायर, ब्रेक, क्लच आणि रेडिएटर; मग हवा; आणि सर्वांत शेवटी डिझेल. कारखान्यानेही हाच मार्ग धरला. ह्याच इंजिनाचे ७५ अश्वशक्तीवरून ९० करताना नुसते डिझेल वाढवले नाही, टर्बोच वेगळ्या जातीचा, पाती फिरणारा बसवला. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे की, नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. माझ्या मित्रांपैकी हे कलम कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे लिहिताना मला आपल्या स्वतःच्याही इंजिनाची आठवण होत होती. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मुले माझ्यासारखी, घरातील पहिलीच. शाळेत कोठेतरी काहीतरी गळून गेलेले असते. माझे अपूर्णांक गेले ते पाचवीत, इंग्रजीची क्रियापदे गेली ती आठवीत. महाविद्यालयात आल्यावर ते कोणाला सांगायची लाज वाटते. म्हणून आपण खोके विकत घेतो. कोणी अपेक्षित प्रश्नसंच घेतो, कोणी तीस दिवसांत अधिकारी करणारा वर्ग लावतो. दोन महिने गाडी पळतेही. पण चढ लागला की शिट्टी वाजते.

प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. वर्षाच्या आरंभी आम्हांला एकदा साबणाचे पाणी लावून पाहावे. कोठे फुगे येतात ते कळले, तर महिनाभरात ती जागा बांधता येईल. त्यासाठी फार खर्च नाही, फक्त विचारणाऱ्याने हसू नये. मी स्वतः यंदा पाचवीचे गणिताचे पुस्तक गावातील एका मुलाकडून मागून आणले आहे, आणि रात्री दार लोटून त्यातील अपूर्णांक सोडवतो.

आणखी एक विनंती. सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान होते. ते देणाऱ्यांचे हात नेहमी स्वच्छ असतात. एखाद्या वर्षी ज्यांचे हात काळे आहेत अशा मिस्त्रीला एक तास बोलवावे, समोर एक उघडे इंजिन ठेवावे आणि आम्ही प्रश्न विचारावेत. चाचांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मी काय बोलणार बेटा, मला भाषण येत नाही." मी त्यांना म्हणालो, भाषण नको, चार बाटल्या घेऊन या, तेवढे पुरे आहे.

आईच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. दिवाळीपर्यंत सुटतील असे वडील म्हणतात. गाडी आता रोज चालते.